बिडवे सरांची पाटी

दिवाळीला नात आली होती, सई. पुण्यात ती डेटाचं काहीतरी शिकते. आल्या दिवशीच लॅपटॉप मांडीवर घेऊन मैत्रिणीशी फोनवर वैतागून बोलत होती, "अगं, निम्मी टेबलं इम्पोर्ट केलीत, निम्मी लाइव्ह ठेवलीत आणि टोटल कमीच येतेय. बरं, एररसुद्धा देत नाहीये."

मी शेजारी लसूण सोलत होते. म्हटलं, "दोन्हीकडचे नंबर जुळत नसतील. जे जुळत नाहीत त्यांना ते गुपचूप गाळून टाकतं. ओरडत नाही."

सईनं फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसा घरातला पाटावरवंटा बोलायला लागला. "आजी, हे तुला कुणी सांगितलं?"

मी कपाटावरून पाटी काढली. शाळेची, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला टवका गेलेली. तिच्यावर खडूनं काढलेला सहाचा आकडा आहे, आता बराच पुसट झालेला. "हात लावू नको," एवढंच तिला म्हणाले. बाकीचं इथं लिहिते. तोंडानं सांगायला गेले की मी मधेच थट्टेवर जाते आणि खरी गोष्ट राहून जाते. ही सवय जुनी आहे. तिनं एकदा माझ्या हातून काय करवून घेतलं तेही पुढं येईलच.

परभणीत एका ट्रस्टच्या रक्तपेढीत मी नोंदणीच्या काउंटरवर होते. अक्षर मोत्यासारखं, असं लोक म्हणायचे आणि मी त्यांना दोनदा म्हणायला लावायचे. रक्तदात्यांची नोंदवही माझ्या ताब्यात. केस काळे करून, पदराला पिन लावून मी अशी बसायचे की बाहेरून येणाऱ्याला वाटावं, रक्त याच बाई तयार करतात. अशा माझ्या राज्यात एके दिवशी बिडवे सर आले, वीरभद्र बिडवे. ते आले तेव्हा सर नव्हते, एका पेशंटचे वडील होते.

त्यांची मुलगी गौरी. थॅलेसेमिया. अंगात रक्त टिकायचं नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी एक पिशवी चढवावी लागायची. आमच्याच इमारतीत वर पाच खाटांचा वॉर्ड होता, तिथं. गट बी निगेटिव्ह. तो लय कमी लोकांचा असतो. ओ निगेटिव्ह चालतं म्हणा, पण तेही कुठं पडलेलं असतं! बिडवे पिंगळीचे. आधी बोरीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. मुलीच्या फेऱ्या सुरू झाल्यावर क्लास बंद केला आणि आमच्या डॉक्टरांना म्हणाले, "मला हितंच काहीतरी काम द्या. पोरगी वर, मी खाली." डॉक्टरांनी दिलं. पगार ऐकून मी हसले होते. ते म्हणाले, "मावशी, मला यादीच्या जवळ बसायचंय."

मी त्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, म्हणून मावशी. मला 'मॅडम' हवं होतं, पण त्यांनी पहिल्याच दिवशी मावशी करून टाकलं.

दिसायला कसे, म्हणाल तर बारीक अंगाचे. गळ्यात लिंगाचा दोरा शर्टाच्या आत आणि शर्टाच्या खिशात नेहमी दोन खडू. पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचे. आले की हातपाय धुवायचे आणि मग कीबोर्डला हात लावायचे. घरी पूजेला बसतात तसं. मी म्हणायचे, "सर, आता मशीनला विभूती लावा." ते हसायचे, पण हात धुवायचं काही सोडलं नाही.

आणखी एक खोड. टेबलातल्या ओळींना ते कधी ओळी म्हणाले नाहीत. माणसं म्हणायचे. "दोनशे माणसं यायलीत आत," "हे माणूस दोनदा आलंय," असं. एकदा ट्रस्टचे अध्यक्ष पाहणीला आले. सर त्यांना म्हणाले, "ही बारा माणसं मी काल काढून टाकली." अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्यांनी आमच्यासाठी तो डॅशबोर्ड केला. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत आणि आज कुणाला फोन करायचा, हे एका पडद्यावर. मला तो समजावून द्यायला त्यांना आठवडा लागला. माझं डोकं नाही, माझा ताठा आडवा येत होता. शेवटी ते मला व्हरांड्यात घेऊन गेले. तिथं पाण्याचा रांजण होता आणि बाहेर आवारात हापसा.

"मावशी, सकाळी सातला रांजण भरला. आता दिवसभर तांब्या बुडवा, लगेच पाणी. पण ते पाणी कवाचं?"

"सातचं."

"हां. आन् हापशाचं?"

"आत्ताचं."

"पण हापसावं लागतं. चारजण रांगेत असले तर थांबावं लागतं." मग म्हणाले, "तुमची नोंदवही म्हंजे रांजण. पंधरा वर्षांची नावं, गाव, गट, फोन. ते काय तासाला बदलत न्हाई. रोज सकाळी सातला मी ते भरून ठिवतो. काउंटरवरच्या पिशव्या, कोण कवा रक्त देऊन गेलं, हे मातर हापशावरनंच आणायचं. सातला असलेली पिशवी अकराला संपलेली असती. रांजणातलं बघून एखाद्याला 'हाय' म्हणलो आन् नसली तर?"

"मग सगळंच हापशावर ठेवा की."

"मशीन बसंल की खाली. पंधरा वर्षांचं लोक दर खेपंला हापसायचं? तवर पेशंट थांबतो व्हय?"

असं ते दोन्हीचं मिळून होतं. रांजणातलं माणूस आणि हापशावरची पिशवी, मधे दाता नंबराचा धागा. मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला मी रांजण-हापसा ऐकवला, जणू माझंच संशोधन.

सर स्वतः मात्र खूश नव्हते. महिन्याभरात त्यांनी शीतपेटीचं जुनं रजिस्टर काढलं आणि बोटानं पिशव्या मोजल्या. दोन दिवस मोजत होते. मी त्यांना 'मोजणी मास्तर' नाव ठेवलं. तिसऱ्या दिवशी काउंटरवर आले.

"मावशी, पिशव्या जास्त हायेत. डॅशबोर्ड कमी दाखवायलाय."

"किती?"

"त्रेसष्ट. त्रेसष्ट माणसं रक्त देऊन गेलीत, आन् फोनच्या यादीत त्यांचा पत्ता न्हाई."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी मी सईला सांगितली. दोन्ही टेबलं एकाच रांजणात असती तर न जुळलेल्यांसाठी एक रिकामी ओळ तरी दिसली असती. म्हणजे कळतं, कुणीतरी राहिलंय. पण एक रांजणात आणि एक हापशावर असलं की तेवढंही दिसत नाही. नंबर जुळला नाही, माणूस गळालं. बेरीज नीटनेटकी दिसते.

"बेरीज चुकली तर बरं," ते म्हणाले. "ही बरोबर दिसायलीय, ह्याचंच भ्या वाटतं."

त्या दिवशी वरून गौरी उतरली. रक्त चढलं की तिच्या गालांवर लाली यायची आणि ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत यायची. तिसरीत होती तेव्हा. बाबांना म्हणाली, "पप्पा, मला आता वही हाय. माझी पहिलीची पाटी घ्या तुमाला." पुढच्या खेपेला खरंच घेऊन आली, मागच्या बाजूला तिनं गिरवलेले आकडे अजून तसेच होते. सरांनी ती दाराशी खिळ्याला टांगली आणि वर लिहिलं, 'न जुळलेले'. खाली, त्रेसष्ट. रोज संध्याकाळी गाडीला निघायच्या आधी मोजायचे, जुना आकडा पुसायचे, नवा लिहायचे. डॅशबोर्ड दाखवत नाही ते पाटीनं दाखवायचं.

हे त्रेसष्टजण कोण, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बहुतेक सगळ्या बायका होत्या आणि त्यांना गाळणारी मी होते.

त्यासाठी माझ्या लग्नात जावं लागेल. मी माहेरची मंदाकिनी. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'वैजयंती' लिहिलं आणि मी वैजयंती झाले. तिसऱ्या दिवशी सासूबाई हाका मारत होत्या, "वैजयंती, अगं वैजयंती!" मी शेंगा फोडत बसले होते आणि मनात म्हणत होते, कोण ही वैजयंती, किती आळशी बाई, ओ का देत नाही! नणंदेनं ढोसलं तेव्हा उठले. पण पुढं मला त्या नावाचा इतका अभिमान झाला की माहेरचं नाव कुणी घेतलं तर राग यायचा. काउंटरवर लग्न झालेली मुलगी आली आणि म्हणाली, "माजं जुनं कार्ड हाय हितं," की मी म्हणायचे, "बाई, लग्न झालं ना? आता माहेरचं विसरायचं." नवं नाव, नवा नंबर, मोत्यासारख्या अक्षरात. नवा नंबर काउंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये चढायचा. जुनं कार्ड, गट आणि फोनसकट, नोंदवहीत जुन्या नावानं पडून राहायचं. मी तर वर आशीर्वाद द्यायचे.

हे मी सरांना सांगितलं का? नाही. मी म्हणाले, "सॉफ्टवेअरचा दोष असेल."

ते शोधत राहिले. पहिल्या एक-दोघींकडून लग्नात नाव बदलल्याचं त्यांना कळलं, पण जुनं कार्ड आहे म्हणणाऱ्यांनाही मी नवा नंबर देते, हे नाही. काउंटरवर जे टिपलेलं होतं त्यावरून संध्याकाळी फोन, रविवारी गावं. "ताई, लग्नाआधी तुमचं नाव काय व्हतं?" असं परक्या बाईला फोनवर विचारणारा माणूस शिव्या खातो. सरांनी भरपूर खाल्ल्या. एकीच्या नवऱ्यानं तर विचारलं, "तुला कशाला पाहिजे रं तिचं माहेरचं नाव?" सर शांतपणे म्हणाले, "दादा, तुमचंबी लिहून घेतो, रक्त द्यायला या." तो आला. अजून देत असेल.

त्रेसष्टचे चाळीस झाले, वीस झाले, अकरा झाले. मग सातावर आकडा अडकला. महिना झाला, दोन झाले. आणि त्या सातांत एक बी निगेटिव्ह होती. काउंटरवर नाव 'प्रतिभा', सासरचं आडनाव, बाकी रकाने मोकळे. माझंच अक्षर. बी निगेटिव्हचे जे थोडे दाते यादीत होते, त्यांतला एक पुण्याला गेला, एक आजारी पडला. गौरीची पिशवी आता दर खेपेला शेवटच्या दिवसापर्यंत लटकायची. सर पाटीकडं बघायचे तेव्हा त्यांना सात दिसत नव्हते, एकच दिसत होती.

हे सगळं माहीत असताना मी काय केलं असेल? थट्टा. एका सकाळी ते यायच्या आत मी पाटीवरचा सात पुसला आणि मोठं, गोल, सुंदर शून्य काढलं. पदर तोंडाला लावून बसले.

सर आले. हात धुवायला वळले आणि पाटी दिसली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलं नाही, माझ्या मुलींच्या लग्नातसुद्धा नाही. हात न धुताच ते मशीनकडं धावले. मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. बटणं दाबली, थांबले, परत दाबली. मग हळूच उठून बाहेर गेले आणि नळाखाली हात धुवत उभे राहिले. किती वेळ धुवावेत हात माणसानं!

परत आले, पाटी पुसली, सात लिहिला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मावशी, खोटं शून्य नका लिहू. दुसरं काईबी लिहा. मला गाढव लिहा."

तेव्हा मी रडत-रडत सगळं सांगितलं, नवे नंबर, नवी नावं, आशीर्वाद. मला वाटलं, हा माणूस आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि म्हणाले, "तुमी एकटीनं कुटं केलं? नाव तर अख्खं गाव बदलतंय." मग लगेच, "म्हंजे प्रतिभा जुन्या कार्डात हाय. लग्नाआधीच्या बी निगेटिव्ह पोरी काढा, मावशी. आत्ता."

नोंदवहीत तशा तीन होत्या. दोघींचा पत्ता लागला, त्या प्रतिभा नव्हत्या. तिसरी कस्तुरा, बोरी. फोन बंद. सर रविवारी बोरीला गेले. जुन्या क्लासच्या ओळखीनं तिचा भाऊ सापडला. भाऊ म्हणाला, "व्हय, आमची कस्तुरा. तिकडं प्रतिभा म्हणतेत. पूर्ण्याकडं दिली. ती रानात असती, फोन सासूकडं असतोय." सरांनी सासूला फोन लावला, गौरीचं सांगितलं, आपलं नाव, रक्तपेढीचा पत्ता सांगितला. सासू म्हणाली, "सांगते." दुसऱ्यांदा लावला, "सांगितलंय." तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही. पूर्ण्याला जाऊन आले, तर घराला कुलूप. सगळे ऊसतोडीला गेले होते. ती स्वतः हो म्हणेपर्यंत सर तिला जुळलेली धरत नव्हते, पाटीवर सातच राहिला.

त्या हिवाळ्यात एका खेपेला गौरीची पिशवी चार दिवस उशिरा मिळाली. नांदेडहून आली. तिला ताप होता. पुढं दोन महिन्यांनी तिचं हृदय थकलं. इतक्या वर्षांच्या रक्तानं अंगात लोह साठतं आणि हृदयावर येतं, ते चार दिवसांमुळं झालं नाही, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे. माझ्यावर नाही.

ती चौथीत होती. आम्ही सगळे पिंगळीला मातीला गेलो. त्यांच्यात बसवून पुरतात. शाळेच्या गणवेशात बसवली होती. सरांनी सगळ्यांना हात जोडले, मलाही. मी त्यांच्या बायकोसमोर उभी राहू शकले नाही, बाभळीमागं जाऊन उभी राहिले.

सहाव्या दिवशी ते सकाळच्या पॅसेंजरनं आले. हात धुतले. मशीन लावलं. संध्याकाळी मोजलं, पाटी पुसली आणि परत सात लिहिला. मी म्हणाले, "सर, आता राहू द्या ना." ते म्हणाले, "वर अजून चार लेकरं हायेत, मावशी." आणि गाडीला गेले. वरच्या वॉर्डात मात्र त्यानंतर कधी चढले नाहीत. कागद द्यायचा असला की जिन्याशी उभं राहून हाक मारायचे.

उन्हाळा गेला. शाळा उघडून आठवडा झाला असेल. दुपारी काउंटरसमोर एक बाई येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, हातात पिशवी, चपलांना चिखल. दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, बोरीच्या कस्तुराचं कार्ड हाय का हितं? मीच ती. आता प्रतिभा हाय."

मी नोंदवही पुढं ओढली.

"सासूबाईनं परवा सांगितलं," ती म्हणाली. "इतके दिवस बोलल्याच न्हाईत. रक्त दिल्यावर काम व्हत न्हाई म्हणून भ्याल्या. मी आज गाडीला बसूनच आले. कुन्या पोरीला पाहिजे व्हतं ना?"

सर मागं येऊन उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी त्यांच्याकडं बघितलं. ते पुढं झाले, खुर्ची ओढून दिली, "बसा ताई. लांबून आलाव. आधी पाणी प्या," म्हणाले.

तिची तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. मी जुनं कार्ड काढलं, दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली, नंबर एकच ठेवला, जुना. माझं अक्षर त्या दिवशी वाकडंतिकडं आलं. तिनं रक्त दिलं. आडवी पडलेली असताना छताकडं बघत हसत होती. नंतर सरांनी स्वतः चहा आणि बिस्किटं आणून दिली आणि समोरच्या बाकावर बसले.

तिनं बिस्कीट चहात बुडवलं. "ती पोरगी तुमचीच का हो, सर? सासूबाई म्हणत व्हत्या, बापच फोन करतोय."

"व्हय."

"काय नाव?"

"गौरी."

"बरी हाय ना आता?"

सर थोडं थांबले. फार नाही, मशीन दुसरीकडं विचारून येतं तेवढंच.

"हाय," ते म्हणाले.

"कितवीला हाय?"

"चौथीला."

गौरीच्या वर्गातल्या मुली आठवड्यापूर्वीच पाचवीत गेल्या होत्या.

कस्तुरा समाधानानं उठली. "दर चार महिन्यानं येते मी. तिला सांगा, मावशी हाय म्हणून पूर्ण्याला." सरांनी मान हलवली, तिला फाटकापर्यंत सोडलं, रिक्षात बसवलं. मी काउंटरवरून बघत होते. रिक्षा वळेपर्यंत ते तिथंच उभे होते. मग हापशाशी गेले, एका हातानं हापसत दुसरा हात धुतला, मग दुसऱ्यानं पहिला.

आत आले तेव्हा त्यांच्या गाडीची वेळ झाली होती. मी म्हणाले, "सर, आज मी मोजते. तुम्ही निघा."

"मोजलंय," ते म्हणाले. खिशातून खडू काढला, बाहीनं सात पुसला आणि त्या जागी सहा लिहिला. पाटीमागच्या लेकीच्या आकड्यांना वळण त्यांच्याकडूनच आलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. डबा घेतला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. नंतरही नाही. काम सोडतो एवढंच डॉक्टरांना कळवलं; पाटी मी सहासकट घरी आणली.